पुंगळीचे वंगण: निसरडेपणापेक्षा चिवटपणा मोलाचा

काडतूस उडाले की आतल्या वायूच्या दाबाने त्याची पितळी पुंगळी, म्हणजे बाहेरचे नळीसारखे कवच, फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या कप्प्याच्या, भिंतींना टेकते. दाब ओसरल्यावर ती किंचित आक्रसते, पण मूळ मापावर परत येत नाही. तिच्यात पुन्हा बंदुकीची दारू भरायची असेल, तर आधी तिला पोलादी साइझिंग डायमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या साच्यात, दाबून मापात आणावे लागते. सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले हे पितळ पोलादावर कोरडेच घासले, तर त्याचे कण डायला चिकटतात, पुढच्या पुंगळ्यांवर ओरखडे उठतात आणि एखादी पुंगळी आत अशी रुतते की ओढून काढताना तिची कड फाटून निघते.

घरातले कोणतेही पातळ तेल यावर पुरेल, असे वाटणे साहजिक आहे, पण तसे होत नाही. यंत्रातला फिरता दांडा आपल्या वेगाने तेल फटीत ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. डायमध्ये मात्र हालचाल संथ आणि दाब प्रचंड असल्यामुळे पातळ तेल बाजूला ढकलले जाते. अशा ठिकाणी धातूला एका टोकाने धरून राहणाऱ्या रेणूंचा अत्यंत पातळ थर कामाला येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम हार्डी यांनी 1920 च्या दशकात या प्रकारच्या वंगणाचा पद्धतशीर अभ्यास केला. मेंढीच्या लोकरीतून मिळणारे लॅनोलिन या कामात इतके लोकप्रिय का, याचे उत्तर त्याच्या मेणासारख्या चिवटपणात आहे.

लॅनोलिन अल्कोहोलमध्ये मिसळून फवारले, तर एका वेळी पुष्कळ पुंगळ्या उरकतात. मात्र बाटली आधी हलवावी आणि अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबावे, कारण घाई केली की पुंगळ्या रुततात. पुंगळीचा आकार बराच बदलायचा असेल, तर बोटाने चोळायचे घट्ट मेण मला अधिक भरवशाचे वाटते. सरळ भिंतीच्या पिस्तूल-पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची डाय असेल, तर वंगणावाचूनही सहसा भागते.

प्रमाणाचा प्रश्नही आहेच. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पुंगळीच्या खांद्याशी, म्हणजे ती तोंडाकडे निमुळती होते तिथे, साचलेले जास्तीचे वंगण पितळालाच खळगा पाडते.

काम झाल्यावर वंगण काढणे मात्र अनिवार्य आहे. कोरडी पुंगळी चेंबरच्या भिंतीला पकडून धरते. ती निसरडी झाली की मागचा रेटा अधिक प्रमाणात बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या 1907 च्या श्वार्त्सलोझ मशीनगनमध्ये काडतुसांना मुद्दाम तेल लावले जाई, कारण तिची रचनाच पुंगळी सहज मागे सरकण्यावर बेतलेली होती. सामान्य रायफलीत हेच धोक्याचे ठरते. शिवाय आत उरलेले तेल दारू आणि तिला पेटवणारा प्रायमर बिघडवू शकते. पाण्यात विरघळणारे वंगण कोमट पाण्याने धुऊन निघते, पण पुंगळ्या नीट वाळवाव्या लागतात. लॅनोलिनसाठी त्या मक्याच्या कणसाच्या भुकटीत घुसळाव्या लागतात. म्हणून वंगण निवडतानाच ते काढायचे साधन आपल्याजवळ आहे का, हे पाहिलेले बरे.