टॉवेल बंदरावर उघडावेच लागतात?

सोलापुरात, टॉवेल कारखान्यांच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चहाच्या टपरीवर आजही ऐकू येतं: ‘माल परदेशी धाडायचा तर आधी मुंबई बंदरात नेऊन, उघडून दाखवून, तिथंच कंटेनर भरावा लागतो.’ तसं नाही.

एक तर कंटेनरचं मोठं बंदर मुंबई शहरात नाही. ते उरणजवळ न्हावा शेवाला, 1989 पासून. दुसरं, कंटेनर कारखान्याच्या दारातच भरता येतो. 2017 पासून कस्टम्सची परवानगी असलेला निर्यातदार स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावतो, शिपिंग बिल (म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज) ऑनलाइन भरतो. बंदरावर सील यंत्रानं वाचलं जातं. ते तुटलेलं असेल किंवा संशय आला, तर मात्र कंटेनर उघडतात.