दोन वर्षांच्या मुलाचा दिवस: घड्याळ बाजूला ठेवा, क्रम धरा

दीड-दोन वर्षांच्या मुलाचा घरातला दिवस कसा आखावा, असं इंटरनेटवर शोधलं की एकाहून एक देखणे तक्ते सापडतात. साडेआठला रंगकाम, सव्वानऊला ठोकळे, दहाला 'सेन्सरी प्ले' (हाताळून-चाचपून खेळणं), साडेदहाला फळं. मूल सांभाळणारी आई (किंवा बाबा, किंवा गावाहून मुद्दाम आलेली आजी) तो तक्ता हौसेने फ्रिजवर चिकटवते आणि आठवडा उलटायच्या आत त्याच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब लिहिला जातो. रंग सात मिनिटांत संपलेले असतात, ठोकळे पलंगाखाली गेलेले असतात आणि दहाच्या खेळाच्या वेळी स्वारी पेंगुळलेली असते.

आखणाऱ्याचं यात फारसं चुकत नाही. तक्ता मिनिटांचा असतो आणि ज्याच्यासाठी तो केला, त्याला मिनिट म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. 'पाच मिनिटांत येते' यातून त्याला 'आत्ता नाही' एवढंच कळतं. पण म्हणून त्याला वेळेचा गंधच नसतो असंही नाही. आधी काय आणि नंतर काय, हे त्याला आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर समजायला लागतं.

पॅट्रिशिया बाउर आणि जीन मॅन्डलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबतीत फार बोलके आहेत. त्यांनी १६ आणि २० महिन्यांच्या मुलांना छोट्या छोट्या कृती करून दाखवल्या. त्यातली एक खुळखुळ्याची: एका पेल्यात चेंडू टाकायचा, वर दुसरा पेला उपडा घालायचा आणि हलवायचं. इथे पहिली गोष्ट केल्याशिवाय दुसरी साधतच नाही. अशा कृती मुलांनी नीट क्रमाने करून दाखवल्या. पण ज्या कृतींचा एकमेकींशी संबंध नव्हता, कुठलीही आधी केली तरी चालली असती, तिथे क्रम ध्यानात ठेवणं मुलांना खूपच जड गेलं.

आता आंघोळ आठवा. कपडे उतरल्याशिवाय पाणी नाही, पाणी झाल्याशिवाय टॉवेल नाही, अंग पुसल्याशिवाय पावडर-तीट नाही. म्हणून आंघोळीचा क्रम कुणी न शिकवता मुलाला पाठ होतो. रंगकामानंतर ठोकळेच का, याला मात्र काहीच कारण नसतं. फ्रिजवरचा तक्ता फसतो तो इथे.

आपली चिऊ-काऊची गोष्टही याच जातीची आहे. भिजलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी आतून सांगत राहते: थांब, बाळाला आंघोळ घालते, थांब, बाळाला तीट लावते, थांब, बाळाला झोपवते. मोठ्यांना ही नुसती टोलवाटोलवी वाटते. दोन वर्षांच्या श्रोत्यासाठी ती त्याची स्वतःची सकाळ असते. तीट गाळून बघा, लगेच हटकेल.

तर दिवसाला चार-पाच पक्क्या खुंट्या ठोकाव्यात: उठणं, आंघोळ, दुपारचं जेवण आणि त्याला लागून झोप, संध्याकाळी घराबाहेर, रात्रीची निजानीज. वेळ अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे झाली तरी चालेल, क्रम बदलू नये. खुंट्यांच्या मधलं सगळं सैल ठेवावं.

यातली सगळ्यात पक्की खुंटी दुपारच्या झोपेची. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेली कल्पना झोपेच्या अभ्यासात आजही पायाभूत मानली जाते. झोप दोन गोष्टींवर ठरते: शरीराचं आतलं घड्याळ, आणि जागेपणी तासागणिक साठत जाणारा झोपेचा दाब. लहान मुलांत हा दाब झपाट्याने चढतो, मोठ्यांसारखा रात्रीपर्यंत पेलवत नाही. दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांची एक होते. या मधल्या काळात मूल एका झोपेत भागवू शकत नाही आणि दोन झोपा घ्यायला तयार होत नाही. या दिवसांत जेवण अकरालाच उरकून लवकर झोपवलं तर बिघडत नाही. उलट दुपारची झोप चार-पाचवर गेली, की रात्री अकराला घरात बॅटबॉल सुरू.

या झोपेत मेंदूचं कामही चाललेलं असतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठात रेबेका गोमेझ आणि सहकाऱ्यांनी १५ महिन्यांच्या बाळांना एक बनावट भाषा ऐकवली. मधे डुलकी घेतलेल्या बाळांना तिच्यातला नियम उमगला, नव्या शब्दांतही त्यांनी तो ओळखला. न झोपलेल्यांना ऐकलेले शब्द आठवले, नियम नाही. तेव्हा 'जरा झोपला की माझी कामं होतात' हे खरंच, पण त्या तासात त्याचंही काम होत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी.

परदेशी तक्त्यांत संध्याकाळी सातला दिवा मालवलेला असतो आणि आपल्या आया उगाच खजील होतात. लहान मुलांच्या झोपेच्या अमेरिकी अभ्यासक जोडी मिंडेल यांच्या २०१० सालच्या, भारतासह १७ देश-प्रदेशांतल्या पाहणीत लहानग्यांची झोपायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये ७.२७ आणि हाँगकाँगमध्ये १०.१७ निघाली. आशियातली मुलं उशिराच झोपतात. बाबा साडेआठला घरी पोचत असतील, तर सातचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. सकाळी उठण्याची आणि दुपारच्या झोपेची वेळ सांभाळावी, म्हणजे रात्र फार पुढे सरकत नाही.

सकाळ हालचालीची. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं सोडून मोजणी केली, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं, असा हिशोब निघाला. (हे वाचल्यावर 'सारखा पडतो हो' ही तक्रार करू नये.) याच वयाला दिवसाकाठी १८० मिनिटं हालचाल हवी, असं आरोग्य संघटना म्हणते. ती सलग नसते आणि तिला मैदानही लागत नाही. जिन्याच्या पायऱ्या हात धरून चढणं-उतरणं, गादीवर लोळणं, पायपुसणं ओढत घरभर फिरणं, हे सगळं त्यात धरायचं.

मग बसून खेळणं. इथे महागडी 'अ‍ॅक्टिव्हिटी किट' विकणाऱ्यांचा धंदा जोरात आहे आणि मला तो बहुतांशी अनावश्यक वाटतो. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथल्या आणि पुढे कोसबाडच्या बालवाड्यांत शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य होतं. ती मुलं थोडी मोठी, पण तत्त्व तेच.

आंघोळीच्या आधी न्हाणीत मुलाला पाटावर बसवा. समोर परात, परातीत बोटभर पाणी, एक स्टीलचा पेला, एक वाटी, एक चहाची गाळणी. पहिली दोन मिनिटं नुसते सपासप हात मारले जातील. मग पेला भरून वाटीत ओतला जाईल. वाटी भरून वाहील. तो थांबून बघेल आणि पुन्हा तेच करेल, कारण मघाशी वाहिली ती आता वाहते का, याची त्याला खात्री करायची असते. मग गाळणीत पाणी ओतून ते खाली हाताने पकडायचा प्रयत्न होईल. आपण 'भरला', 'सांडलं', 'रिकामा' एवढंच बोलावं, तेही तो आपल्याकडे बघेल तेव्हा. त्याची नजर ज्या वस्तूवर आहे तिचंच नाव कानावर पडलं तर शब्द लवकर बसतात. मात्र जागचं उठायचं नाही. दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. उठावंच लागलं तर मूल कडेवर आणि परात उपडी. पाण्याऐवजी शेंगदाणे, चणे खेळायला देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात.

खेळणी किती मांडावीत, यावर ओहायोतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ चा छोटा अभ्यास आहे. १८ ते ३० महिन्यांची ३६ मुलं, एकदा समोर चार खेळणी, एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. बाकीची माळ्यावर टाकून आठवड्याने अदलाबदल केली, की जुनंच पुन्हा नवं होतं.

आणि टीव्ही बंद. 'तो कुठे बघतो, नुसता चालू असतो' यावरही प्रयोग झालेला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एक ते तीन वर्षांची ५० मुलं खेळत असताना अर्धा तास मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलांनी पडद्याकडे अधूनमधून ओझरतंच पाहिलं, तरी त्यांचा खेळ तुटक झाला आणि लक्ष लागण्याचा वेळ घटला. आपल्याकडे मालिका सुरू असतात, एवढाच काय तो फरक.

घरकाम आणि मुलाचा खेळ वेगळे काढायची धडपडही सोडून द्यावी. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही. दीड वर्षाची मुलं कुणी न सांगता जाऊन चिमटा आणून देत. तोच चिमटा मुद्दाम फेकला, तर सहसा जागची हलत नसत. पुढच्या अभ्यासात आणखी एक गंमत दिसली: मदतीबद्दल बक्षीस मिळालेली २० महिन्यांची मुलं नंतर मदतीला कमी पुढे आली. तेव्हा चिमटे, मोजे जोडीने लावणं, वाटाणे सोलताना रिकाम्या शेंगा टोपलीत टाकणं हे रोजचं काम देऊन टाकावं, वर चॉकलेट देऊ नये. कामाला दुप्पट वेळ लागतो, हे कबूल.

खरी रडारड होते ती एकातून दुसऱ्यात जाताना. हातातली गोष्ट सोडून दुसरीकडे वळण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि तो भाग सगळ्यात उशिरा पिकतो. आपण समजूतदारपणे आधी सूचना देतो. पण वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात, मोबाइल किंवा टीव्ही बंद करण्याआधी 'दोन मिनिटांत बंद हं' असं सांगितलेल्या मुलांनी जास्त त्रागा केला. रोजच्या क्रमात जिथे बंद होतो तिथेच झाला, तर तंटा कमी. म्हणून 'आता बास' पेक्षा 'हे गाणं संपलं की वरण-भात' हे बरं.

संध्याकाळी बाहेर भटकून आल्यावर घर हळूहळू मंद करावं, शब्दशः. कोलोरॅडोतल्या एका प्रयोगात झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक, सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं. प्रयोगात मुलं दहाच होती, पण दिवाणखान्यातली पांढरी ट्यूब मालवायला तेवढा पुरावा मला पुरतो. मग कोमट पाण्याने अंग पुसणं, तेलाचा हात, एक गोष्ट, दिवा बंद. मिंडेल यांनीच २००९ साली ४०५ माता-बालकांच्या अभ्यासात एका गटाकडून आंघोळ, मालीश आणि शांत वेळ असा क्रम दोन आठवडे पाळून घेतला. त्या गटातली मुलं लवकर झोपू लागली, रात्री उठणं कमी झालं आणि आयांची मनःस्थितीही सुधारली.

गोष्ट रोज तीच मागतो, म्हणून वैतागू नये. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांना तीन वर्षांच्या मुलांत असं आढळलं, की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांना नवे शब्द जास्त लक्षात राहतात, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांना कमी.

लग्नकार्य, गणपती, आजारपण, मामाचं गाव, यांत दिवस विस्कटणारच. तेव्हा सगळं सावरत बसू नये. माझ्या मते एक रात्रीचा क्रम धरून ठेवला तरी बराचसा निभाव लागतो: नव्या घरातल्या पहिल्या रात्री तीच दुलई, तीच गोष्ट आणि त्याच जागी तोच कावळ्याचा आवाज.