संस्कारित मृत्तिका : पाण्यातील कीटकनाशकांचे अधिशोषण

चिकणमातीतील खनिजांवर रासायनिक संस्कार करून पाण्यात विरघळलेली कीटकनाशके व तणनाशके त्यांच्या पृष्ठभागावर धरून, म्हणजे अधिशोषण करून, काढण्याची पद्धत. तिच्यासाठी मुख्यतः बेंटोनाइट वापरतात. त्याचे मोठे साठे भारतात कच्छ व बाडमेर भागांत आहेत. बेंटोनाइटमधील माँटमोरिलोनाइट ज्या गटातले खनिज आहे, त्याच गटातली खनिजे उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या दख्खनच्या काळ्या मातीतही असतात.

माँटमोरिलोनाइटचा एकेक थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा असतो. थरातील ॲल्युमिनियमच्या काही जागी मॅग्नेशियम आल्याने त्यावर ऋण भार येतो आणि तो फेडण्यासाठी थरांच्या सांदीत सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन बसतात. पॅराक्वाटसारखे धनभारित तणनाशक या आयनांना हटवून स्वतःच आत शिरते, म्हणून तेथे कच्ची मातीही पुरते. पॅराक्वाट पोटात गेलेल्या रुग्णाला मुलतानी माती देतात ती याच गुणामुळे.

भाररहित, पाण्यात कमी विरघळणाऱ्या कीटकनाशकांचे तसे होत नाही, कारण सांदीतले आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असतात. म्हणून बेंटोनाइट पाण्यात ढवळून त्यात हेक्झाडेसिलट्रायमेथिल अमोनियम ब्रोमाइडचे द्रावण सोडतात. सोडियम बाहेर पडते, लांब कार्बन साखळीचे आयन आत बसतात आणि सांदी तेलकट होते, म्हणून अशी कीटकनाशके तिच्यात शिरू शकतात. मग गाळून, धुवणात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर ब्रोमाइडचा साका (न विरघळणारा गाळ) येईनासा होईपर्यंत माती धुतात, सुकवतात व कुटतात. हीच कार्बनी मृत्तिका. संस्कार विनिमयक्षमतेपलीकडे (माती जितके धन आयन अदलाबदलीने धरू शकते त्यापलीकडे) नेला तर पृष्ठभाग धनभारित होऊन २,४-डी सारखी ऋणभारित तणनाशकेही धरली जातात. त्यामुळे पाण्यात नेमके कोणते रसायन आहे हे आधी तपासावे आणि मगच माती निवडावी. सगळ्यांवर चालणारी एकच माती नाही.

शुद्ध पाण्यातल्या प्रयोगांचे आकडे पाहून मात्र भुलू नये. नदी-विहिरींच्या पाण्यातले ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली कार्बनी द्रव्ये) त्याच जागांसाठी स्पर्धा करतात, आणि युरोपीय संघाची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा तर एका कीटकनाशकासाठी लिटरला अवघी ०.१ मायक्रोग्रॅम आहे. बारीक मातीतून पाणी झिरपतही नाही. म्हणून ती वाळूत मिसळतात किंवा तिचे दाणे करतात. मातीतून सुटलेले अमोनियम संयुग जलचरांना घातक असल्याने गाळून आलेल्या पाण्यात त्याचीही तपासणी हवीच.

सर्वांत अवघड प्रश्न वापरलेल्या मातीचा आहे. अधिशोषणाने विष नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते. ते जाळावे तर मातीत बसवलेले कार्बनी आयनही जळून जातात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे खांब उभारलेली स्तंभयुक्त मृत्तिका मात्र अशी उष्णता बरीच सोसते.