लिंबूफूल आणि हवेचा हिशेब

खंडेराव मार्केटमधून आणलेला कांदा सोलताना वरच्या सालावर शिरांच्या रेषेत काळी पूड दिसते. बोटांना लागते, धुतली की जाते. ती बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या बीजाणूंची असते. बडोद्याच्या घराघरांत झटपट खमणात पडणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कारखान्यात याच बुरशीकडून करून घेतात. साखर भरपूर आणि माध्यम आंबट ठेवलं तर ती हे आम्ल मुबलक देते, हे अमेरिकेत जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखवलं. तोवर ते लिंबांच्या रसातून काढत.

आंबवणं म्हटलं की आपण भांडं झाकून ठेवतो. दह्याच्या जिवाणूंचं, दारूच्या यीस्टचं हवेवाचून चालतं. या बुरशीचं मुळीच चालत नाही. लिटरभर द्रावणात साखर दीडशे ग्रॅमच्या आसपास घालता येते, पण ३० अंशांना लिटरभर साध्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. साखरेच्या पाण्यात त्याहून कमी. म्हणजे शिल्लक अशी काही नसतेच, हवा सतत पुरवावी लागते. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. मध्येच थोडा वेळ हवा तोडली आणि पुन्हा सुरू केली, तर बुरशी वाढत राहते, पण आम्ल करण्याची तिची क्षमता परत येत नाही. साखर मोडताना सुटणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा न साठवता ऑक्सिजनला देऊन टाकणारी एक आडवाट तिच्याकडे असते. ती वाट बिघडते, असं मानलं जातं.

मग टाकीतलं द्रावण ढवळणारा पंखा जोरात फिरवावा? तिथेच खरी अडचण आहे. धाग्यांनी वाढलेली बुरशी द्रावण आंबिलीसारखं दाट करते, हवेचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ऑक्सिजन न देताच वर निघून जातात. जोर वाढवला की पात्यांजवळचे धागे तुटतात. म्हणून बुरशी बारीक गोळ्यांच्या रूपात वाढवणं पसंत करतात, शक्यतो मिलिमीटरहून लहान. गोळी मोठी झाली तर तिचा गाभा उपाशी राहतो.

सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांना कापसाचा बोळा लावलेले, शेकरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, फिरणारे फ्लास्क परिचयाचे असतात. त्यात द्रावण थोडंच असतं, हवा सगळीकडे पोचते. लाखभर लिटरच्या टाकीत मात्र पात्यांजवळ ऑक्सिजन भरपूर आणि लांब कोपऱ्यात तुटवडा असतो, आणि बुरशी या दोन्हींतून फिरत राहते. म्हणून आधी लहान टाकीत हवा मुद्दाम कमी-जास्त करून, किती चढउतार तिला सोसतात ते तपासतात.