लिनक्स डेस्कटॉपच्या समुदायलिखित मार्गदर्शिका व त्यांची निवड

लिनक्स ही संगणक चालवणारी मुक्त प्रणाली. ती वापरणाऱ्यांनीच दुसऱ्या वापरणाऱ्यांसाठी लिहिलेला, एखादे काम पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत करून दाखवणारा मजकूर म्हणजे समुदायलिखित मार्गदर्शिका. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कसे बसवायचे, प्रिंटर कसा जोडायचा, मराठी टायपिंग कसे सुरू करायचे, असे तिचे विषय असतात. लिहिणारे बहुतेक जण विनामोबदला लिहितात आणि लिहायला कोणालाही मज्जाव नसतो. त्यामुळे उत्तम, कामचलाऊ आणि चुकीचे असे सगळे लेखन शेजारी-शेजारी नांदते. त्यातले उत्तम लेखन जाणत्यांनी वाचून, स्वतःच्या मशीनवर करून पाहून पुढे आणायचे, ही प्रथा यातूनच रुजली.

मार्गदर्शिकेची सर्वांत जास्त गरज ज्याला असते, त्यालाच तिची पारख करता येत नाही, ही इथली मूळ अडचण आहे. नवखा माणूस टर्मिनल, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा (कमांड) देण्याची खिडकी, उघडतो, वाचलेली ओळ कॉपी करतो, पेस्ट करतो आणि एंटर दाबतो. ओळीच्या सुरुवातीला ‘सुडो’ असेल तर ती सर्वाधिकाराने चालते. पेनड्राइव्हवर लिनक्सची प्रत उतरवताना डिस्कच्या नावात ‘एसडीबी’ऐवजी ‘एसडीए’ पडले, तर पेनड्राइव्ह तसाच राहतो आणि घरादाराचे फोटो असलेली डिस्क पुसली जाते. म्हणून ‘आधी डिस्कची यादी पाहा, आकारमानावरून आपला पेनड्राइव्ह ओळखा, मगच पुढे जा’ हे वाक्य मार्गदर्शिकेत आहे की नाही, यावरून लेखकाची जबाबदारीची जाण कळते.

कमांडची माहिती लिहून ठेवण्याची परंपरा लिनक्सहून जुनी आहे. लिनक्स जिच्या धर्तीवर बेतले त्या युनिक्स प्रणालीचे पहिले मॅन्युअल बेल लॅब्जमध्ये नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झाले आणि आजची ‘मॅन पेज’ त्याच वळणाची आहेत. मॅन पेजमध्ये एका कमांडचे सगळे पर्याय सापडतात, पण वायफाय चालत नसताना नेमकी कोणती कमांड लागेल हे तिथे कळत नाही. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. पुढच्याच वर्षी मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस आणि मायकेल के. जॉन्सन यांच्या पुढाकाराने ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ सुरू झाला. एका कामाला एक लेख, हा ‘हाऊ-टू’चा साचा याच प्रकल्पाने लोकप्रिय केला. प्रत्येक हाऊ-टूच्या मथळ्याखाली सांभाळणाऱ्याचे नाव, आवृत्ती क्रमांक आणि तारीख असे. इंटरनेट महाग आणि संथ असण्याच्या काळात हे लेख लिनक्सच्या सीडींबरोबरच घरी येत. आपला लेख त्या संग्रहात जाणे ही तेव्हा मोठी पावती होती.

चांगली मार्गदर्शिका ओळखू येते ती बारीकसारीक गोष्टींतून. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बहुतेकदा काहीच उमटत नाही, साधी चांदणीही नाही. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला कीबोर्ड बिघडला असेच वाटते. ‘अक्षरे दिसणार नाहीत, तरी टाइप करा आणि एंटर दाबा’ एवढी एक ओळ लिहिणाऱ्याने शेजारी कुणाला तरी बसवून शिकवलेले असते, हे लगेच जाणवते. तसेच डॉलरच्या चिन्हाचे. ओळीच्या आरंभीचे डॉलर चिन्ह म्हणजे साध्या वापरकर्त्याची कमांड आणि हॅश चिन्ह म्हणजे मुख्य प्रशासकाची, असा संकेत आहे. ही चिन्हे टाइप करायची नसतात. ते न सांगितल्यामुळे ‘कमांड सापडली नाही’ या उत्तराशी कितीतरी जण अडतात. याशिवाय मजकूर कोणत्या आवृत्तीवर करून पाहिला, काम झाल्यावर पडद्यावर काय दिसायला हवे आणि फसले तर मूळपदावर कसे यायचे, ही तीन उत्तरे हवीतच. प्रस्तुत नोंदकाराच्या मते यांतले तिसरे सर्वांत मोलाचे आहे आणि नेमके तेच सर्वांत जास्त वेळा गाळले जाते.

निवडीचा खरा कस मात्र काळ लावतो. लिनक्स अनेक तयार संचांच्या रूपात मिळते; उबुंटू, डेबियन, फेडोरा, आर्च, मिंट आणि जेंटू हे असे संच. त्यांतल्या उबुंटूच्या नव्या आवृत्त्या २००४ पासून दर सहा महिन्यांनी येतात आणि दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी येते. दरम्यान आतली यंत्रणा बदलते. संगणक सुरू होताना दिसणारी यादी बदलायची तर ती दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीत ‘मेन्यू.एलएसटी’ ही फाइल हाताने सुधारावी लागे. ऑक्टोबर २००९ च्या उबुंटू ९.१० पासून नव्या बसवणीत ग्रब २ आले आणि ती फाइल निरुपयोगी झाली. आता पसंती वेगळ्या फाइलमध्ये नोंदवून ‘अपडेट-ग्रब’ चालवावे लागते. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ यांनी पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवा सांभाळणारी सिस्टिमडी ही नवी यंत्रणा स्वीकारल्यावर सेवा सुरू-बंद करण्याच्या कमांडही बदलल्या. आदल्या दिवशीपर्यंत आदर्श असलेले लेख दुसऱ्या दिवशी दिशाभूल करू लागले. त्यांत लेखकांची काहीच चूक नव्हती.

मतांवर चालणारी निवड इथे कमी पडते. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘आस्क उबुंटू’सारख्या ठिकाणी वाचकांच्या मतांनुसार उत्तर वर चढते आणि ताज्या प्रश्नाला ही रीत छान लागू पडते. पण मते साठत जातात. दहा वर्षांपूर्वीच्या उत्तरामागे दहा वर्षांचे आभार उभे असतात आणि कालच्या बिनचूक उत्तरामागे कोणीच नसते. आर्च लिनक्सच्या विकीने दुसरी वाट धरली. तिथे लेखावर लेखकाची सही नसते आणि दुरुस्ती कोणीही करू शकतो. जो भाग जुना झाला, ज्याच्या अचूकतेबद्दल शंका आहे किंवा जो अपुरा आहे, त्याच्या डोक्यावर तसा फलक लावतात आणि कारणही लिहितात. उणिवा उघडपणे दाखवल्यामुळेच बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो. उबुंटू किंवा फेडोरा वापरणारेही अडचण आली की आर्चचा विकी उघडतात, यातच सगळे आले.

एखादा लेख पुढे आणणे म्हणजे त्याची हमी घेणे. म्हणून निवड करणाऱ्याने तो पुन्हा कधी तपासणार हेही ठरवले पाहिजे. तपासणीअभावी वर्षानुवर्षे ठळक ठेवलेला लेख कोपऱ्यात पडलेल्या चुकीच्या लेखापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्याच्याकडे लोकांना आपणच पाठवलेले असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा चोरवाट ठेवलेल्या बनावट प्रतीकडे वळवला गेला. त्या वेळेत प्रत उतरवून घेणाऱ्यांपैकी ज्यांनी तिची बेरीज, म्हणजे चेकसम, मूळ आकड्याशी ताडून पाहिली त्यांनाच फरक कळू शकत होता. मिंटच्या अधिकृत मार्गदर्शिकेत प्रत पडताळण्याला आज स्वतंत्र प्रकरण आहे. ‘उतरवा, पेनड्राइव्हवर टाका, बसवा’ एवढ्यावर आटोपणारी मार्गदर्शिका कितीही सुबक असली तरी निवडीस पात्र मानू नये.

जतन हा निवडीचाच भाग आहे. जेंटू लिनक्सच्या वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षे भरलेला एक अनधिकृत विकी २००८ मध्ये सर्व्हरसह गेला. वापरता येईल असा बॅकअप नव्हता. लोकांनी शोधयंत्रांच्या साठवणीतून पाने वेचली, पण हरवलेले सगळे परत आले नाही. मुक्त परवान्याखाली लिहिलेला मजकूर कोणालाही उतरवून ठेवता येतो, सुधारता येतो, भाषांतरित करता येतो. म्हणून निवडताना परवाना पाहणे हे कागदी सोपस्कार नव्हे.

मार्गदर्शिका या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, हे डॅनिएल प्रोसिडा यांनी ‘डायटॅक्सिस’ या मांडणीत दाखवले आहे. शिकणाऱ्याचे बोट धरून नेणारा पाठ आणि काम उरकण्याची कृती यांत ते फरक करतात. संदर्भ आणि विवेचन हे त्यांच्या मांडणीतले आणखी दोन प्रकार. उबुंटूमागच्या कॅनॉनिकल या कंपनीनेही ही मांडणी स्वीकारली आहे.

मराठीत या क्षेत्रातले पद्धतशीर काम पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केले. साधारण दहा मिनिटांचा दृक्‌श्राव्य पाठ, पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला आपले टर्मिनल, अशी त्याची रीत. संहिता आधी लिहिली जाते. मग तो विषय न येणाऱ्या माणसाकडून ती करवून घेतात आणि तो जिथे अडेल तिथे ती सुधारतात. ध्वनिमुद्रण त्यानंतर. चित्र तेच ठेवून फक्त निवेदन मराठीसह इतर भारतीय भाषांत बदलतात. नवख्याला परीक्षक नेमण्याची ही कल्पना प्रस्तुत नोंदकाराला निवडीची सर्वांत भरवशाची कसोटी वाटते.

मात्र भाषांतराने भागत नाही अशाही जागा आहेत. लिनक्सवर देवनागरी टायपिंग शिकवणारे लेख हिंदी आणि इंग्रजीत भरपूर आहेत, पण ‘वाऱ्यावर’ किंवा ‘दुसऱ्या’ हे शब्द कसे उमटवायचे हे त्यांत सहसा नसते. हिंदीला त्याची गरजच पडत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत साधा ‘र’ जे या कळीवर आहे. तो वापरून हलन्त आणि ‘य’ दाबले की रफार वर चढतो आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. त्याऐवजी शिफ्ट धरून जे दाबायचे, म्हणजे नुक्त्याचा ‘ऱ’ येतो, मग हलन्तासाठी डी, ‘य’साठी तिरकी रेघ आणि कान्यासाठी ई. ‘ऱ्या’ तयार. ‘ळ’साठी शिफ्ट आणि एन. मराठी टायपिंगची मार्गदर्शिका निवडायला बसलेल्याने आधी ही दोन अक्षरे तिच्यात शोधावीत.