पोटातली कळ आणि स्वादुपिंड

काजूचा हंगाम आला की गोव्यात सत्तरी-पेडण्यात 'हुर्राक हलका, फेणीसारखा नव्हे' म्हणत या एकदाच गाळलेल्या काजूच्या दारूचे ग्लासावर ग्लास रिचवले जातात. त्यात वर्षानुवर्षं पिणाऱ्या एखाद्याच्या बेंबीच्या वर रात्री कळ उठते, ती थेट पाठीत शिरते. उताणं झोपवत नाही. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. उलट्या थांबत नाहीत. घरचे 'पित्त झालंय' म्हणून सोलकढी देतात आणि सकाळची वाट पाहतात. इथेच घोळ होतो. वेळीच १०८ला फोन करावा, कारण हा स्वादुपिंडाचा तीव्र दाह असू शकतो.

जठरामागे आडवी असलेली ही वीतभर ग्रंथी इन्शुलिन बनवते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाचकरसांचं मात्र कुणी नाव काढत नाही. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन इथे निष्क्रिय रूपात तयार होतं आणि एरवी लहान आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतं. दाहात ते ग्रंथीतच कामाला लागतं, म्हणजे स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ साली हे मांडलं होतं.

सगळं खापर दारूवर फोडायचं कारण नाही. पित्ताशयातला खडा घसरून, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जिथून आतड्यात उतरतो त्या नलिकेच्या तोंडाशी अडकला, की थेंबही न घेणाऱ्या बाईलाही हेच होतं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एक प्रकारची चरबी, १००० मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या पुढे गेली तरी होतं.

दुखणं असं आणि रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं चरबी पचवणारं द्रव्य, नेहमीच्या कमाल पातळीच्या किमान तिप्पट, एवढ्यावर निदान होतं. सीटी स्कॅन पहिल्याच दिवशी लागतोच असं नाही; खडे पाहायला सोनोग्राफी मात्र हवी.

उपचार पाहून नातेवाईक वैतागतात: सलाईन, वेदनाशामक, बस्स? अँटिबायोटिक का नाही? कारण जंतुसंसर्ग नसेल तर त्याचा उपयोग नाही. सलाईनही बेताने, भरमसाट दिल्याने फायदा होत नाही, उलट अंगात पाणी साठतं, हे २०२२च्या एका चाचणीत दिसलं. पूर्वी पोटाला विश्रांती म्हणून दिवसेंदिवस उपाशी ठेवत. आता उलट्या थांबल्या, भूक लागली की एक-दोन दिवसांतच पेज, मऊ भात सुरू करतात. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात घरी जातात. थोड्यांचा मात्र ग्रंथीचा भाग मरतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसंही थकतात. त्यांना अतिदक्षता विभागच हवा. मेलेल्या भागात संसर्ग झाला तरी शक्यतो चार आठवडे थांबून, आधी नळी घालून पू काढतात.

खड्यामुळे झालेला दाह सौम्य असेल, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून घ्यावं. 'चतुर्थी झाल्यावर बघू' म्हणून घरी गेलं, तर दुसरा खडा त्याआधीच घसरू शकतो.