टाय-बेस की मल्टियुनिट? स्क्रू काढल्यावर हातात काय येतं ते बघा

नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत आमची डेंटल लॅब आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास सिन्नर, निफाड, ओझरकडची पार्सलं येऊन पडतात. डबीवर रबर लावून चिठ्ठी अडकवलेली असते : "इम्प्लांट ब्रिज, ३ युनिट, स्क्रू-रिटेन्ड, शेड ए२, अर्जंट." अर्जंटखाली दोन रेघा. ब्रिज म्हणजे एकत्र जोडलेले कृत्रिम दात, इथे स्क्रूने धरलेले, आणि इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं मूळ. दोन्हींच्या मधे काय आहे, ब्रिज कशावर बसणार आहे, हे मात्र कुठेच नाही. मग मी डॉक्टरांना फोन लावतो.

"सर, हा ब्रिज कशावर आहे?"

"अबटमेंटवर."

"कुठल्या अबटमेंटवर?"

"अहो, कंपनीचंच आहे. ओरिजिनल."

हा संवाद मी गेली कित्येक वर्षं करतोय. आता एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी फोनऐवजी हेच पाठवता येईल.

अडचण 'अबटमेंट' या शब्दाची आहे. इम्प्लांट आणि दात यांच्या मधे जे काही येतं त्या सगळ्याला आपण सरसकट अबटमेंट म्हणतो. हीलिंग कॅपलाही, म्हणजे हिरडी भरेपर्यंत लावायच्या झाकणालाही, अबटमेंट म्हणणारे भेटलेत. ब्रिजच्या कामात मात्र दोनच गोष्टींची गल्लत खरी महागात पडते : टाय-बेस आणि मल्टियुनिट. दोन्ही टायटॅनियमच्या, दोन्ही नखाएवढ्या, दोन्हींच्या मधोमध भोक. टेबलावर शेजारी ठेवल्या तर नवा मुलगा हमखास फसतो.

डॉक्टर, टाय-बेस तुम्ही रोज वापरता, त्यामुळे त्याचं थोडक्यात उरकतो. खालचा भाग थेट इम्प्लांटच्या आत बसतो. वर एक छोटी चिमणी असते, तिच्यावर आम्ही लॅबमध्ये झिरकोनियाचा, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकचा, दात चिकटवतो. सिमेंट आहे, पण ते तोंडाबाहेर लागतं, त्यामुळे हिरडीखाली सिमेंट राहून होणारा त्रास नाही. मग एकच स्क्रू या सगळ्यातून आरपार थेट इम्प्लांटमध्ये जातो. एकटा दात असेल तर हेक्सवाला, म्हणजे दात फिरू नये म्हणून षट्कोनी बुडाचा; ब्रिज असेल तर बिनहेक्सचा. झालं.

मल्टियुनिटची रचना मजल्यांची आहे. ते आधी इम्प्लांटवर पक्कं बसतं आणि तिथेच राहतं. त्याचं डोकं हिरडीच्या तोंडाशी येतं. डोकं म्हणजे एक बुटका शंकू, आणि त्याच्या आत स्वतःचे आटे. ब्रिज या शंकूवर बसतो आणि वेगळ्या, बारीक स्क्रूने या आट्यांत धरला जातो. इम्प्लांटच्या आट्यांशी ब्रिजचा संबंधच येत नाही.

आता खरी मेख. निफाड-पिंपळगावकडचे पेशंट असलेल्या डॉक्टरांना मी हे द्राक्षाच्या ड्रिपवरून सांगतो, लगेच कळतं. सबमेनला भोक पाडतात, त्यात रबराचं ग्रोमेट, ग्रोमेटमध्ये टेकऑफ आणि टेकऑफवर लॅटरल. लॅटरल बदलायची असेल तर ती टेकऑफवरून उपसतात. टेकऑफ सबमेनलाच राहतो. नव्या लॅटरलचं माप कशावरून घेणार? टेकऑफवरून. सबमेनचं भोक मोजून दुकानात गेलात तर दुकानदार तोंडाकडे बघत बसेल. मल्टियुनिट म्हणजे हा टेकऑफ. आणि समजा लॅटरलच्या टोकालाच टेकऑफ कायमचा चिकटवलेला आहे, लॅटरल ओढली की तोही सोबत बाहेर येतो, तर तो झाला टाय-बेस. तिथे माप सबमेनच्या भोकाचंच घ्यावं लागणार.

म्हणून माझी कसोटी एकच आहे : स्क्रू काढून ब्रिज बाहेर घेतला की मधला तुकडा ब्रिजबरोबर हातात येतो, की तोंडात राहतो? हातात आला तर काम इम्प्लांट लेव्हलचं. तोंडात राहिला तर अबटमेंट लेव्हलचं. स्कॅन बॉडी, अ‍ॅनालॉग, लायब्ररी, स्क्रू, किती ताकदीने आवळायचं, सगळं या एका उत्तरावर ठरतं. (स्कॅन बॉडी म्हणजे स्कॅनमध्ये जागा कळावी म्हणून लावायची खूण, अॅनालॉग म्हणजे मॉडेलमधली नक्कल, लायब्ररी म्हणजे सॉफ्टवेअरमधले त्या भागांचे आराखडे.)

इथवर बहुतेकांना पटतं, आणि मग पुढच्याच पायरीवर पाय घसरतो. कारण मल्टियुनिटवर बसणाऱ्या ब्रिजच्या पोटातही टायटॅनियमची एक नळी चिकटवलेली असते. झिरकोनिया थेट शंकूवर घासू नये म्हणून. कोणी तिला स्लीव्ह म्हणतं, कोणी सिलिंडर, कोणी कोपिंग, आणि काही कंपन्या तिला चक्क 'मल्टियुनिटचा टाय-बेस' म्हणून विकतात! मग डॉक्टर फोनवर छातीठोक सांगतात, "टाय-बेसवरच आहे हो." खोटं बोलत नसतात. ब्रिज उलटा करून बघितला तर आत टायटॅनियम दिसतंच. म्हणून 'टाय-बेस आहे का' हा प्रश्न मी विचारणं बंद केलं. आता विचारतो, "ब्रिज काढल्यावर तोंडात काय दिसतं? इम्प्लांटचं भोक, की चमकणारा शंकू?" याचं उत्तर चुकत नाही.

चुकलं की काय होतं, त्याचा माझ्याच लॅबमधला दाखला देतो. खालच्या जबड्यात मागे तीन इम्प्लांट, त्यांवर ब्रिज. चिठ्ठीवर इम्प्लांटची कंपनी आणि व्यास, बाकी काही नाही. स्कॅनमध्ये तीन स्कॅन बॉडी ताठ उभ्या. आमच्या लॅबमधल्या मुलाने एक्झोकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची इम्प्लांटची लायब्ररी उघडली, प्रत्येक स्कॅन बॉडीवर क्लिक केलं, सॉफ्टवेअरने जुळवून दिलं. डॉक्टरांनी मात्र मल्टियुनिट आधीच बसवून त्यांच्यावर स्कॅन बॉडी लावल्या होत्या. वरून दोन्ही प्रकारच्या स्कॅन बॉडी सख्ख्या बहिणी वाटतात. उंची आणि बूड वेगळं. सॉफ्टवेअर तेवढ्याने तक्रार करत नाही.

ब्रिज सुंदर झाला होता. तोंडात ठेवला तर टाय-बेसची बुडं मल्टियुनिटच्या शंकूंवर डुगडुगत उभी राहिली. पेशंट पिंपळगाव बसवंतचे बागायतदार, ऑक्टोबर छाटणी अर्धी टाकून आलेले. ते शांतपणे म्हणाले, "परत मजूर लावू का आता?" सगळा ब्रिज पुन्हा केला, आमच्या खर्चाने. स्कॅनमध्ये स्कॅन बॉडीच्या बुडाशी हिरडीलगत धातूची बारीक कड दिसत होती. इम्प्लांटवरची स्कॅन बॉडी हिरडीच्या विहिरीतून वर येते, तशी ही नव्हती. मला शंका आली होती आणि मी फोन केला नाही. तेव्हापासून करतो, रात्री दहा वाजले तरी.

उलट प्रकारही होतो. ठसा इम्प्लांट लेव्हलचा देतात, ब्रिज त्यावर तयार होतो, आणि बसवायच्या दिवशी डॉक्टर मल्टियुनिट काढून ठेवलेलं बघून म्हणतात, "अरे, हे राहिलंच होतं," आणि लावतात. टेकऑफवर टेकऑफ.

तिसरा प्रकार सगळ्यात चोरटा आहे, कारण त्यात चिठ्ठी बरोबर, स्कॅन बरोबर, लॅबही बरोबर. तिरकी मल्टियुनिट साधारण १७ आणि ३० अंशांची मिळतात. इम्प्लांट कलता बसला असेल तर ती स्क्रूचं तोंड सरळ करून देतात. पण इम्प्लांटच्या आतलं हेक्स षट्कोनी, म्हणजे तिरकं मल्टियुनिट सहा दिशांना बसू शकतं, प्रत्येक घर ६० अंशांचं. ठशानंतर कोणी ते 'जरा साफ करायला' काढलं आणि परत लावताना एक घर सरकलं, की शंकूचं तोंड वेगळ्याच दिशेला. ब्रिजचं भोक तिथे नसतंच. हातात तेच मल्टियुनिट, तोच इम्प्लांट, तोच ब्रिज, आणि बसत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, मल्टियुनिट एकदा बसवलं की काढू नका. हिरडीही त्याच्याभोवती नीट बसलेली असते, दर वेळी काढून ती का फाडायची? हीलिंग कॅप मल्टियुनिटवर बसणारी वेगळी मिळते, ती लावा.

आवळण्याची ताकद. टाय-बेसचा स्क्रू इम्प्लांटमध्ये जातो. बहुतेक कंपन्या त्याला ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर सांगतात. मल्टियुनिटवर ब्रिज धरणारा स्क्रू बारीक असतो, त्याला साधारण १५. स्वतः मल्टियुनिट सरळ असेल तर बऱ्याच ठिकाणी ३५, तिरकं असेल तर काही कंपन्यांत १५च. हे आकडे पाठ करण्यापेक्षा कंपनीचा तक्ता रॅचेटच्या, म्हणजे आवळायच्या पान्याच्या, डबीत ठेवा. गडबड होते ती अशी : सवयीने ब्रिजचा बारीक स्क्रू ३५ ने आवळतात. डोकं घासतं किंवा स्क्रू आतच तुटतो. तरी त्यात एक नशीब आहे. तो तुटतो मल्टियुनिटमध्ये, आणि मल्टियुनिट बदलता येतं. टाय-बेसचा स्क्रू तुटला तर तो इम्प्लांटच्या पोटात अडकतो, आणि इम्प्लांट बदलणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही गल्लत आजची नाही. ब्रोनेमार्कनी १९६५ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, त्या पद्धतीत मधला मजला कायम असायचा : खाली इम्प्लांट, त्यावर अबटमेंट, त्यावर स्क्रूने ब्रिज. त्या इम्प्लांटच्या माथ्यावरचं ०.७ मिलिमीटरचं हेक्स मुळात इम्प्लांट हाडात फिरवून बसवायला होतं. दात फिरू नये म्हणून त्याचा उपयोग पुढे झाला. मग १९८० च्या दशकात अमेरिकेतून यूसीएलए अबटमेंट आलं, विद्यापीठाच्याच नावाचं. त्याने मधला मजला पाडला आणि दात थेट इम्प्लांटवर आणला. आजचा टाय-बेस त्याच घराण्यातला. पुढे पोर्तुगालच्या पाउलो मालो यांच्या ऑल-ऑन-फोरमध्ये, म्हणजे चार इम्प्लांटवरच्या पूर्ण जबड्यात, मागचे दोन इम्प्लांट मुद्दाम कलते घालायला लागले आणि मधला मजला परत आला. आपण सध्या दोन्ही घराणी एकाच ड्रॉवरमध्ये ठेवतो.

कुठे काय वापरावं, यावर माझी मतं ठाम आहेत. एकट्या दाताला हेक्सवाला टाय-बेस, विषय संपला. नेहमीच्या मल्टियुनिटचा शंकू वरून गोल असतो, त्यावर एकटा दात फिरतो. "उरलंय तर वापरून टाकू" म्हणून एकट्या दाताखाली मल्टियुनिट पाठवणाऱ्यांचं काम मी परत पाठवतो. पूर्ण जबड्याला मल्टियुनिट, तिथेही वाद नाही. चार-सहा इम्प्लांट कधीच एकमेकांना समांतर नसतात. खोल आणि उभ्या भिंतींच्या जोडात एका वेळी चार टोकं उतरवणं म्हणजे चारी पाय वाकडं टेबल चार खड्ड्यांत एकदम बसवणं. बुटका शंकू हे वाकडेपण खपवून घेतो. दर इम्प्लांटमागे एक सुटा भाग वाचवायचा म्हणून पूर्ण जबडा थेट टाय-बेसवर मागणारे आहेत. त्यांना मी नाही म्हणतो, आणि ते दुसऱ्या लॅबकडे जातात. जाऊ देत.

दोन-तीन युनिटच्या ब्रिजवर मात्र मी दोन्ही बाजूंनी बोलतो. इम्प्लांट समांतर आणि हिरडी पातळ असेल तर बिनहेक्सचा टाय-बेस बरा, कारण मल्टियुनिटची कॉलर, म्हणजे हिरडीतून जाणारा गळा, पातळ हिरडीत काळपट दिसते. इम्प्लांट खोल आणि हिरडी जाड असेल तर मल्टियुनिट. त्याच्या कॉलरच्या उंच्या वेगवेगळ्या मिळतात. हिरडी मोजून मागवा, अंदाजाने नको. आणि कुठलाही लांब ब्रिज असो, अंतिम काम करण्याआधी जिगवर, म्हणजे चाचणीच्या कच्च्या सांगाड्यावर, ट्रायल घ्या. एका टोकाचा एकच स्क्रू आवळा आणि दुसऱ्या टोकाला फट पडते का ते आरव्हीजीवर, म्हणजे डिजिटल एक्स-रेवर, बघा.

बाकीचे फरक किरकोळ. ठसा ओपन ट्रेने घ्यायचा की क्लोज्ड ट्रेने, तुमची मर्जी. रंग तर अजिबात बघू नका. "सर, ते सोनेरीवालं पाठवा" असा निरोप आला की माझं डोकं फिरतं. सोनेरी रंग हा नुसता वरचा थर असतो, एका कंपनीत एका भागाला, दुसरीत दुसऱ्याला.

आम्ही आता लॅब स्लिपच्या वरतीच दोन चौकटी छापल्या आहेत : 'ब्रिज काढल्यावर तोंडात इम्प्लांट दिसतो' आणि 'ब्रिज काढल्यावर तोंडात मल्टियुनिट दिसतं'. दुसरीपुढे कंपनी, अंश आणि कॉलर लिहायला जागा. परवा एक स्लिप आली, दोन्ही चौकटींत टिक. मी वैतागून फोन उचलला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे, दादा. दोन इम्प्लांटवर मल्टियुनिट आहे, तिसरा सरळ होता म्हणून तसाच ठेवलाय. स्कॅन बॉडी बघा, वेगळी लावलीय." बघितलं. वेगळी होती.